दंड

हाड पडून मोडतं, आपटून मोडतं.
माझं फेकताना मोडलं.
तासगावच्या मैदानावर, सीमारेषेवरून,
चौदा वर्षांची मी चेंडू सोडला
आणि दंडात वाळलेलं उसाचं कांडं मोडावं तसा आवाज.
लाँगऑनची अमृता म्हणते, तिला तिथवर ऐकू आला.

चेंडू मात्र पोचला. एका टप्प्यात.
स्कोअरच्या वहीत असेल अजून:
धावचीत, फेक मगदूम.

मिरजेच्या डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला.
ओला टॉवेल पिळावा तसं पिळून तुटलंय, म्हणाले, जुळेल.
मग माझा हात उचलून त्यांनी नुसता सोडला.
मनगट खाली पडलं.
वर कर, म्हणाले. मी केलं. ते झालं नाही.
हाडाला चिकटून एक नस जाते, ती झोपलीय.
उठेल कधी?
रोज एक मिलिमीटर. कधी तेवढंही नाही.

बाबांची हयात मार्केट यार्डात, हळदीच्या काट्यावर.
त्यांनी माझ्या कंपासपेटीतली पट्टी घेतली,
दंडापासून कोपराच्या खालपर्यंत लावली.
एकशे तीस, म्हणाले. साडेचार महिने.
तूट धरून पाच.

पहिले काही आठवडे बसून झोपले.
आडवं झालं की आत दोन टोकं एकमेकांना विचारायची,
तू कुठं?

नववीच्या मराठीच्या पेपरात आलं:
दंड, या शब्दाचे तीन अर्थ लिहा.
डाव्या हातानं लिहिलं, पहिलीतल्या पोराचं अक्षर.
बाहू. शिक्षा.
तिसऱ्याला वेळ उरला नाही.

आई पाठीमागून हुक लावायची
आणि तेवढा वेळ आम्ही दोघी खिडकीबाहेर बघायचो.
नुकतीच तर मोठी झाले होते,
नुकतीच तर न्हाणीची कडी आतून लावायला लागले होते.
वेणीचं मी कात्रीनं मिटवलं.

मुबीना मुजावर, व्यायाम घेणाऱ्या.
"बोटं चालव भिंतीवर. मुंगी चढती तशी.
दुखलं की थांब. थांबलीस की रेघ मार."
सांगलीवाडीच्या आमच्या घरात, मधल्या खोलीत,
पेन्सिलीच्या रेघा, शेजारी तारखा.
काही तारखा आदल्या तारखेच्या खाली.
त्या पुसू नकोस, म्हणाल्या, त्याही खऱ्याच की.

एकशे अठ्ठेचाळिसाव्या दिवशी, भाकरीचा तुकडा मोडताना,
मनगट हललं.
पालीचं शेपूट हलतं, तेवढं.
दिवसभर कुणाला सांगितलं नाही.
पहिल्यांदाच काहीतरी माझं एकटीचं होतं.
रात्री बाबांना दाखवलं,
तर ते घरभर पट्टी शोधत फिरले.
पट्टी कशाला, विचारलं.
असू दे, म्हणाले, आणि शोधतच राहिले.

दोन वर्षांनी कृष्णा घरात आली.
पाणी उतरल्यावर भिंतीला चिखलाची रेघ,
माझ्या सगळ्यात वरच्या तारखेच्याही हातभर वर.
मला जिथं पोचायला वर्ष लागलं
तिथं नदी एका रात्रीत चढून गेली होती.
भिंत खरवडली, गिलावा केला, रंग दिला.
मी काही बोलले नाही. सगळ्यांचंच सगळं गेलं होतं.

आता तेवीस.
अंकलीच्या शाळेत पोरींना फेकायला शिकवते:
खांदा उघडा, कोपर वर, घाई नको.
कुणी अंगातलं सगळं एकवटून फेकते
तेव्हा क्षणभर मी चेंडूकडं बघत नाही,
कान देते.

जिथं जुळलं तिथं हाड जास्तीचं भरलंय,
घाबरलेल्या गवंड्यानं दुप्पट सिमेंट लावावं तसं.
बोटानं चाचपलं की लागतं.
बरा झाला का गं हात, बायका विचारतात.
हो, म्हणते. नऊ वर्षांत हो म्हणणंही जमायला लागलं.
कानाला मात्र टेकत नाही,
चार बोटं अलीकडंच थांबतो.

सकाळी पुलाजवळ एसटीला हात करते.
चार बोटं कमी.
एसटी थांबते.